देवनागरी पटकथेतली पात्रं सिंकनंतर ॲक्शन का होतात

लॅपटॉपवर स्क्रिव्हनर हे लेखनाचं सॉफ्टवेअर, बाहेरच्या फोल्डरशी सिंक, मोबाइलवर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये दुरुस्त्या, आणि परत आल्यावर नावं, संवाद, कंस सगळं डावीकडे चिकटून ॲक्शन (म्हणजे वर्णनाचा परिच्छेद) झालेलं. तुमची अडचण अशी आहे ना? मग आधी सिंक थांबवा. घाबरून पुन्हापुन्हा सिंक केलं की शाबूत राहिलेले सीनही बिघडतात. सिंकच्या सेटिंगमध्ये बदल घेण्याआधी स्नॅपशॉट काढण्याचा पर्याय असतो. तो चालू असेल तर प्रत्येक सीनची आधीची प्रत तुमच्याकडे आहे. मोबाइलवर थोडंच बदललं असेल तर सरळ तिच्यावर परत जा आणि दुरुस्त्या हाताने करा, वेळ वाचेल.

आता कारण. फायनल ड्राफ्ट या पटकथेच्या सॉफ्टवेअरच्या एफडीएक्स फाइलमध्ये प्रत्येक परिच्छेदाला त्याचा प्रकार लिहून जोडलेला असतो: हे सीन हेडिंग, हे पात्र, हा संवाद. टेक्स्ट फाइलमध्ये असं काहीच नसतं. तिथे प्रोग्रॅमला ओळीच्या रूपावरून अंदाज बांधावा लागतो. त्या अंदाजाचे नियम म्हणजे फाउंटन. २०१२ साली जॉन ऑगस्ट, स्टू माश्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आणले. त्यात पात्र ओळखायची खूण अशी: पूर्ण ओळ कॅपिटल अक्षरांत, वर एक रिकामी ओळ, खाली लगेच संवाद. देवनागरीत कॅपिटल नाहीतच! त्यामुळे 'सुमन' ही ओळ फाउंटनच्या लेखी साधी ॲक्शन ठरते, आणि पात्रच सापडलं नाही की खालचा संवादही ॲक्शनमध्ये जातो. मराठीत लिहिणाऱ्यांची बहुतेक पडझड इथेच होते.

यावर उपाय फाउंटनमध्येच आहे. पात्राच्या नावाआधी @ लावा, सीन हेडिंगआधी एक टिंब द्या:

.आतील. वाड्याचं माजघर – रात्र

@सुमन
(कडी लावत)
कोण आहे तिकडे?

नाव, कंस आणि संवाद यांच्यामध्ये रिकामी ओळ नको. मोबाइलवर दोनदा एंटर दाबायची सवय असते, तेवढ्याने संवाद तुटतो. संवादाच्या मधोमध मुद्दाम रिकामी ओळ हवी असेल तर त्या ओळीवर दोन स्पेस ठेवाव्या लागतात. पण बरेच एडिटर सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस छाटतात आणि संवादाचा उरलेला भाग ॲक्शन होतो. दिसायला काहीच बदललेलं नसतं, म्हणून ही चूक शोधताना जीव जातो. एडिटरमधली ती सोय बंद करा.

मग स्क्रिव्हनरच्या सिंक सेटिंगमध्ये पटकथेसाठी साधा टेक्स्ट निवडलेला असेल तर फाउंटन करा. मोबाइलला हात लावण्याआधी एकच सीन बाहेर पाठवून ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघा. नावांपुढे @ नसेल तर पूर्ण स्क्रिप्ट अजिबात पाठवू नका. लॅपटॉपवरून दुसऱ्या लॅपटॉपवर फायनल ड्राफ्टमध्येच काम होणार असेल तर माझं स्पष्ट मत एफडीएक्सच्या बाजूने आहे. मराठीसाठी तोच भरवशाचा. वर्डमधून फिरवाफिरवी टाळाच. तिथे समास दिसतात, पण ओळीचा प्रकार हरवतो.

स्नॅपशॉट नसेल तर बिघडलेलं स्क्रिप्ट टेक्स्ट म्हणून बाहेर काढा. शोधा-बदला वापरून एकेक पात्र घ्या, पण पूर्ण ओळ जुळवायची अट घाला, नाहीतर 'सुमन दार उघडते' यालाही @ लागेल. नंतर नाव आणि संवाद यांच्यातल्या रिकाम्या ओळी काढा, फाइलच्या नावामागे फाउंटनचं एक्स्टेन्शन (.fountain) द्या आणि नव्या कोऱ्या प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करा. जुन्या प्रोजेक्टवर ती फाइल चढवू नका. सगळे सीन डोळ्यांखालून जाईपर्यंत तो तसाच राहू द्या.