तीस हजारांत गेमिंग लॅपटॉप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. अभ्यास सांभाळून व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळता येईल असा जुना लॅपटॉप ३० हजारांत हवा. 'आय सेव्हन, १६ जीबी रॅम' अशी २६ हजारांची जाहिरात पाहिली. घ्यावा का?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर: जाहिरातीत ग्राफिक्स कार्डाचं नाव नसेल तर पुढे जाऊच नका. असा लॅपटॉप बहुधा कंपनीतून निघालेला ऑफिसचा असतो. कोडिंगला उत्तम, पण जीटीए ओढताना धापा टाकतो.

तुमच्या बजेटमध्ये एनव्हिडिया कंपनीचं ४ जीबीचं जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड शोधा. एचपी पॅव्हिलियन गेमिंग, लेनोव्हो आयडियापॅड गेमिंग ३, एसर अ‍ॅस्पायर ७, आसुस टफ या मालिकांत ते सापडतं. त्याच्या आधीच्या पिढीचं १०५० टीआय कार्ड स्वस्त दिसेल, पण ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं थांबवलं आहे. २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. एमएक्स १३०, एमएक्स २५० ही कार्डंही एनव्हिडियाचीच, पण गेमिंगची नव्हेत. दुकानदार 'ग्राफिक्स कार्ड आहे' म्हणतो तेव्हा पुष्कळदा हेच निघतं.

प्रोसेसर आय फाइव्ह ९३००एच किंवा रायझन ५ ४६००एच असला तरी पुरे. 'आय सेव्हन' ऐकून भुलू नका, पिढी विचारा. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची नसेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपच्या दोन्ही सुरक्षा सोयी चालू लागतात. म्हणून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारा लॅपटॉपचा मूळ सेटिंगचा पडदा, उघडून पाहाच. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर सौदा मोडा.

कंपनीच्या मालातच घ्यायचा असेल तर क्वाड्रो टी१००० हे ग्राफिक्स कार्ड असलेली वर्कस्टेशन, म्हणजे डिझाइनसारख्या जड कामाचे लॅपटॉप, विचारा. चिप १६५० च्याच घराण्यातली आहे आणि गेमिंगवाले तिच्याकडे फारसे वळत नाहीत.

प्रश्न: दुकानदार अर्धा तास तपासू देतो. काय काय पाहू?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर: चार्जर लावूनच तपासा; बॅटरीवर गेमिंग लॅपटॉप मुद्दाम हळू चालतो. चार्जरवरचे वॉट वाचा. १६५० वाल्यांना साधारण १३५ ते १५० वॉटचा लागतो. ६५ चा गळ्यात मारला असेल तर गेम सुरू असताना प्लग लावूनही बॅटरी उतरते.

जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं खरं नाव आणि मेमरी दिसते. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीची (साठवणुकीच्या डिस्कची) हेल्थ आणि वापराचे तास पाहा. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. त्या रिपोर्टमध्ये फुल चार्ज कपॅसिटी (आजची क्षमता) डिझाइन कपॅसिटीच्या (नवी असतानाच्या क्षमतेच्या) निम्मीच उरली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागा. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलेली आहे. तो लॅपटॉप हातातही घेऊ नका. बिजागरी उघडताना झाकणाचा कोपरा फाकतो का तेही पाहा.

खरी परीक्षा उष्णतेची. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून १५ मिनिटं ग्राफिक्स कार्डावर ताण देणारं फरमार्क लावा, मग एखादा जड गेम. इथे एक गफलत होते. दुकानात एसी २४ अंशांवर असतो, आपल्याकडे मे महिन्यात खोली ३८ ला जाते. खोलीचं तापमान जितकं वाढतं, जवळपास तितकंच आतलंही वाढतं. दुकानात प्रोसेसर ८८ दाखवत असेल तर घरी हिशेब १०२ वर जातो. बहुतेक इंटेल एच प्रोसेसरची मर्यादा १०० असल्याने तो तिथे स्वतःचा वेग पाडतो आणि गेम अडखळतो. दुकानात ८० च्या आत राहिला तर निर्धास्त घ्या.

प्रश्न: जुना गेमिंग लॅपटॉप घेतला. पहिले काही महिने ठीक चालला, आता वीस मिनिटांत बंद पडतो. घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे.
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर: कारण बहुधा शेजारीच आहे. टॉवेल-चादरीच्या सुताचे तंतू पंख्यातून आत जातात आणि पंखा व हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पत्र्यांमध्ये नमद्यासारखा थर धरतात. बाहेरून ब्लोअर मारला तर तो निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. लॅपटॉप बंद करा, मागचं झाकण उघडा, आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग पंखे सोडवून थर चिमट्याने उचला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर तो वेगात फिरून बेअरिंग जाईल. उघडलाच आहे तर थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलून घ्या. तुमच्याकडे ही सफाई दर तीन महिन्यांनी लागेल. पलंगावर, गादीवर ठेवून खेळणं बंद. खालच्या जाळ्या तिथेच बुजतात.

प्रश्न: १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, स्क्रीनसाठी ४ हजार जास्त द्यावेत का?
– एक विद्यार्थी, अशोक चौक

उत्तर: व्हॅलोरंट खेळत असाल तर हो, १६५० वर सेकंदाला तेवढे फ्रेम (चित्रं) सहज मिळतात. जीटीएसारखे गेम खेळणार असाल तर नको. त्यापेक्षा रॅम पाहा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की अडखळणं कमी होतं. आणि एसएसडी ५१२ जीबीची हवीच, कारण एकटा जीटीए शंभर जीबीच्या आसपास जागा खातो.