रात्री साडेअकराची मैत्रीण

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका ताईंचं पत्र आलंय. वय ४७. गेल्या दिवाळीत सासूबाईंना (ताई त्यांना ‘आत्या’ म्हणतात) पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांचं अंथरुणातलं सगळं या एकट्या करतात. पती उद्यमनगरात लेथवर कामाला, मुलगा पुण्यात शिकायला, नणंद इचलकरंजीत. गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्यांच्या फेसबुक ग्रुपवर परभणीच्या एका बाईंशी त्यांची ओळख झाली. त्यांचेही वडील अंथरुणाला खिळलेले. आता रोज रात्री साडेअकराला दोघी बोलतात. ताई विचारतात, “जिला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही तिला सगळं सांगते आणि नवऱ्याला काहीच नाही. मी चुकतेय का? ते म्हणतात, एवढ्या रात्री कुणाशी? मधे चार दिवस तिचं उत्तर आलं नाही तर मला घास गिळेना. हे सगळं बंद करू का?”

ताई,

बंद करू नका. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही मोकळ्या मनाने वाचाल.

तुमच्या पत्रात मधेच एक ओळ आहे : “डाव्या स्तनात गाठ लागते, तीन महिने झाले, फक्त तिलाच सांगितलंय. ती म्हणाली, मलाही झाली होती, आपोआप गेली.” आणि लगेच पुढच्या ओळीत तुम्ही आत्यांच्या गोळ्यांवर गेलात. मी मात्र तिथेच अडकलेय.

तुमच्या मैत्रिणीने मायेपोटीच धीर दिला. तिची गाठ खरंच गेली असेल. पाळीच्या आधी हाताला लागणाऱ्या आणि पाळीनंतर विरणाऱ्या गाठी असतात. तुमची तीन महिने झाले तरी गेलेली नाही. ती काय आहे हे परभणीहून तिला सांगता येणार नाही, मलाही इथे बसून सांगता येणार नाही. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे खरं आहे. पण तुम्ही लिहिता, “दुखत नाही, म्हणून काळजी नसावी.” ताई, दुखत नाही यावरून काही ठरत नाही. कर्करोगाची गाठसुद्धा सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. चाळिशीनंतर लागलेली कुठलीही नवी गाठ दाखवायचीच, आणि याच आठवड्यात.

तिथे काय होतं ते सांगते, कारण ठाऊक नसलं की भीती जास्त वाटते. सर्जन आधी हाताने तपासतात. मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी. शंका वाटली तर सुईने बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. सुई लावली की गाठ पसरते, असं तुमच्या शेजारणीने सांगितलंय. ते मनातून काढून टाका. तपासणीच्या सुईने रोग पसरत नाही, तपासणी लांबवल्याने मात्र वेळ हातातून जातो. खासगी दवाखान्याचा खर्च झेपणार नसेल तर दसरा चौकाजवळ सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. पुढे उपचार लागलेच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत मिळते, त्यात कर्करोगाचे उपचारही येतात. आधार आणि रेशनकार्ड पिशवीत घालूनच निघा.

आता मैत्रिणीबद्दल. एका कानात इअरफोन घालून, आत्यांच्या टाचांना खोबरेल चोळता चोळता तिच्या व्हॉइस नोट ऐकता, हे तुम्ही लिहिलंय ते वाचून मला फार बरं वाटलं. दिवसभर “आईंनी खाल्लं का, आईंना शी झाली का” एवढंच ज्या घरात विचारलं जातं, तिथे “तू जेवलीस का” विचारणारी एक बाई तुम्हाला मिळालीये. पाण्याने आत्यांना ठसका लागतो, पण दाटसर पेज नीट उतरते, हे तिनेच तुमच्या लक्षात आणून दिलं. बसतं करून, चमच्याचमच्याने भरवायलाही तिनेच शिकवलं. हे अनुभवातून आलेलं ज्ञान आहे आणि ते बरोबर आहे. पक्षाघातानंतर पातळ पदार्थ चुकून श्वासनलिकेत जाऊ शकतात. तरी एकदा डॉक्टरांना आत्यांचं गिळणं तपासायला सांगा. आणि टाच लालसर दिसली तर तिथे चोळू नका. पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवा.

मला खटकतं ते वेगळंच. रात्री तिला भीती सांगितली की छाती हलकी होते, झोप लागते, आणि सकाळी डॉक्टरांकडे जाण्याची निकड उरत नाही. असे तीन महिने गेले. यात दोष तिचा नाही आणि तुमच्या मैत्रीचाही नाही. पण घरात ज्याने तुमच्याबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात यायला हवं, त्या माणसाला अजून काहीच ठाऊक नाही. “त्यांच्या डोक्याला आधीच आईचा ताप, त्यात माझं कुठे” असं तुम्ही म्हणता. तुम्ही न सांगण्याने त्यांचा ताप कमी झालेला नाही. उलट रात्रीच्या फोनवरून नको नको ते विचार त्यांच्या मनात येताहेत.

त्यांना रात्री अंथरुणावर टेकताना सांगू नका, तेव्हा दोघेही थकलेले असता. सुट्टीच्या सकाळी, चहाच्या वेळी सांगा. फार जुळवाजुळव नको. “मला इथे गाठ लागतेय. तीन महिने झाले. भीती वाटते. माझ्याबरोबर दवाखान्यात चला.” एवढं पुरे. आधी का नाही सांगितलंस म्हणून ते चिडतील, थोडा वेळ गप्पही बसतील. बसू द्या.

मैत्रिणीचे मेसेज मात्र त्यांना वाचायला देऊ नका. त्यात तिच्या घरातलंही बरंच असणार, ते तिने तुमच्या भरवशावर सांगितलंय. त्यापेक्षा एखाद्या रविवारी दुपारी घरात सगळे असताना व्हिडिओ कॉल लावा. नवऱ्याशी दोन शब्द बोलू द्या तिला, आत्यांनाही दाखवा. तुम्हा दोघींनाही एकमेकींचा चेहरा दिसेल.

ती चार दिवस गप्प होती तेव्हा तिच्या वडिलांना दवाखान्यात हलवलं होतं, हे नंतर कळलं म्हणता. तिच्याही घरी आजारपण आहे, असं पुन्हा होणार. जीव एवढा तिच्या एकटीवर टांगून ठेवू नका. अशा रात्री १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मन मोकळं करायच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर जवळ असू द्या. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

राहिला प्रश्न तपासणीच्या दिवशी आत्यांजवळ कोण. तुमच्या नणंदबाई रविवारी येतात, “आई किती वाळली” म्हणतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातात. याचा तुम्हाला राग येतो आणि तो रास्त आहे. पण “कधी जमलं तर या” असं मोघम बोलून त्या येणार नाहीत. दिवस आणि वेळ सांगा : “वन्सं, गुरुवारी सकाळी आठ ते दुपारी तीन आत्यांजवळ तुम्ही थांबायचंय, मला तपासणीला जायचंय.” कारण लपवू नका. दर दोन तासांनी कूस बदलायची, पेज दाट हवी, गोळ्या कोणत्या वेळी, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाजवळ चिकटवा. पहिल्या दिवशी त्यांच्या हातून एखादी गोष्ट राहील. तेवढ्यासाठी अर्ध्या वाटेतून परत येऊ नका. पुढे जमेल तसं, दिवसाचे तीन-चार तास तरी पगारी मावशी ठेवायचं नवऱ्याशी बोलून घ्या. हे वर्षानुवर्षं एका माणसाने ओढायचं काम नाही.

आज रात्री मैत्रिणीशी बोलाल तेव्हा गाठीचं पुन्हा घोळवत बसू नका. नवऱ्याला कधी सांगणार तो दिवस तिला सांगा, आणि त्या दुपारी “सांगितलंस का?” म्हणून फोन करायला लावा. रिपोर्ट आला की मलाही कळवा, काहीही आलं तरी.