शेडमधला उजेड कोंबडीच्या डोळ्याने बघा

प्रश्न: अंड्यावरच्या पक्ष्यांच्या शेडमध्ये नवे एलईडी बसवल्यापासून कोंबड्या बिथरतात, एकमेकींना टोचतात. लाल दिवे लावावेत की निळे? आणि शेतातल्या कणसांवर येणाऱ्या पाखरांसाठी चमकती फीत उपयोगी पडते का?

उत्तर: रंगाचं नंतर बघू, आधी दिव्यांची लुकलुक तपासा. ५० हर्ट्झच्या विजेवर हलक्या प्रतीचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्याला तो स्थिर दिसतो, पण भरपूर उजेडात कोंबडीचा डोळा सेकंदाला ८० ते १०० वेळा होणारी लुकलुकही पकडू शकतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर आधी तो दिवा बदला. साध्या एलईडीला डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) जोडला असेल तर तोही काढा.

आपल्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी तीन प्रकारच्या असतात. कोंबडीत त्या चार, चौथी जांभळ्या आणि त्यालगतच्या अतिनील उजेडाची. बहुतेक शंकू पेशींच्या तोंडाशी लाल, पिवळा किंवा फिकट रंगाचा तेलाचा थेंब असतो. उजेड त्यातून गाळून आत जातो, म्हणून जवळजवळच्या छटाही तिला वेगळ्या कळतात. थेंबाचा हा रंग खाद्यातल्या कॅरोटिनॉइड या पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांपासून येतो. याखेरीज जोडशंकू, म्हणजे जोडीने चिकटलेल्या शंकू पेशी असतात, एकूण शंकूंच्या सुमारे ४० टक्के. त्यांचं मुख्य काम रंगाचं नाही. उजेडाचा कमी-जास्तपणा आणि हालचाल टिपण्याचं आहे.

आता तुमचे दिवे. लाल लावा. या उजेडात रक्त उठून दिसत नाही, त्यामुळे जखमेवर टोचणं कमी होतं. शिवाय लाल उजेड कवटीतून थेट मेंदूतल्या उजेड ओळखणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो आणि अंडी देण्याला चालना मिळते. पण टोचणं निव्वळ दिव्याने थांबेल असं धरू नका. गर्दी आणि खाद्यही तपासा. मंद निळा उजेड पक्षी पकडताना कामाचा, त्यात त्यांना कमी दिसतं आणि ते शांत राहतात. रात्री दिवे एकदम बंद करू नका, हळूहळू मंद करा. एकदम अंधार झाला तर त्यांना बसायची जागा सापडत नाही.

फीत चालते, पण जोडशंकूंना हालचाल हवी. पीळ देऊन, जरा सैल बांधा. पाखरं लवकर सरावतात, म्हणून दाणे भरू लागल्यावरच लावा आणि मधूनमधून जागा बदला.