इमिग्रेशनला ‘स्थलांतर’ म्हणून भागतं का?

प्रश्न असा आहे: अनुवादात ‘इमिग्रेशन’ आलं की ‘स्थलांतर’ लिहायचं, ‘आप्रवासन’ लिहायचं, की शब्द आहे तसाच ठेवायचा?

आधी ‘स्थलांतर’ बघू. हा शब्द फारच ऐसपैस आहे. भिगवणला उतरणारे रोहित पक्षी स्थलांतर करतात, बीडचे ऊसतोड मजूर करतात, आणि बँकेची शाखा गल्लीतून हमरस्त्यावर गेली की तिच्या जुन्या दारावरही ‘स्थलांतरित झाली आहे’ अशी पाटी लागते. (मजुरांच्या घरचे मात्र हा शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात, ‘कारखान्याला गेलेत’.) सरहद्द ओलांडून दुसऱ्या देशात त्याच्या परवानगीने राहायला येणं, एवढा नेमका अर्थ त्यातून निघत नाही.

तो ‘आप्रवासन’मध्ये आहे. आगमनातला ‘आ’ तोच इथे. उलट दिशेला ‘उत्प्रवासन’. व्याकरण चोख आहे, तरी शब्द जिभेवर बसत नाही, आणि याला कारण ‘प्रवास’. संस्कृतात प्रवास म्हणजे घर सोडून परमुलखात राहणं. त्यातला ‘वस्’ हा वस्ती-निवासातलाच धातू. हिंदीने तो अर्थ जपला. गांधीजी 1915 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतले तो 9 जानेवारी म्हणूनच ‘प्रवासी भारतीय दिवस’ झाला. मराठीत प्रवास म्हणजे नुसतं जाणं-येणं, आणि प्रवासी म्हटला की एसटीच्या खिडकीशी बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्यात एक काना गळून ‘अप्रवासी’ छापलं गेलं की संपलंच: घरातून न हललेला माणूस! एनआरआयला मराठीने ‘अनिवासी’ म्हटलं ते बरं केलं.

‘आप्रवासी’ अगदी चपखल बसलेला मला एकाच ठिकाणी दिसतो: मॉरिशसमध्ये, पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर. 1834 पासून करारावर नेलेले भारतीय मजूर त्या बंदरात उतरले, पुढे त्यांत आपल्या कोकणातलेही होते. जागेचं आधीचं नाव कुली घाट. 2006 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. तिथे शब्द शोभतो, कारण बोलणारा त्या किनाऱ्यावर उभा राहून बोटीतून उतरणाऱ्यांकडे बघतोय. रत्नागिरीत मागे राहिलेल्या घरासाठी तोच माणूस ‘गेलेला’ होता.

आता रोजचं बोलणं. मुंबई विमानतळावरून फोन येतो: ‘बॅगा दिल्या, आता इमिग्रेशनच्या रांगेत आहोत. तुम्ही झोपा.’ काटेकोर पाहिलं तर ही माणसं देश सोडून निघालीत, मग हे इमिग्रेशन कसं? पण खिडकी त्याच खात्याची, येणाऱ्यालाही आणि जाणाऱ्यालाही. म्हणून मराठीत इमिग्रेशन म्हणजे ती रांग आणि तो शिक्का, ‘झालं का इमिग्रेशन?’ एवढंच. इथे ‘आप्रवासन झालं का?’ कोणी विचारणार नाही, विचारू नये.

एक गफलत मात्र महाग पडू शकते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतं, त्यातला ‘ई’ एमिग्रेशनचा, म्हणजे देश सोडून जाण्याचा. 1983 च्या कायद्याप्रमाणे अशांना आखातातल्या नोकरीसाठी निघण्याआधी भारत सरकारची मंजुरी लागते. बोलताना सगळे याला ‘इमिग्रेशन क्लिअरन्स’ म्हणतात. लिहिताना ‘एमिग्रेशन’ किंवा ‘उत्प्रवासन’च लिहा, नाहीतर वाचणारा मंजुरी दुबईकडे मागत बसेल.

तेव्हा कायद्याचा मजकूर असेल तर ‘आप्रवासन’, विमानतळ असेल तर ‘इमिग्रेशन’, बातमीत ‘परदेशातून येणारे’. ‘तो कॅनडाला इमिग्रेट झाला’ हे मात्र टाळा. ‘कॅनडात स्थायिक झाला’ आहेच की. अजून कागद व्हायचे असतील तर आपण म्हणतोच, ‘सध्या कॅनडात असतो’.