थंडीत मुलगा घराबाहेर पडतच नाही, दिवसभर मोबाईल

दिवाळीची सुट्टी संपून थंडी पडायला लागली की बरेच पालक माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. मुलगा रजईत मोबाईल घेऊन पडलेला असतो, बाहेर जा म्हटलं तर ऐकत नाही, काढून घेतला तर आदळआपट करतो. त्यातलाच एक अनुभव सांगते. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

नाशिकचं घर. मुलगा सहावीत, दुपारची शाळा. वडील अंबडला कारखान्यात शिफ्टवर, आई नोकरीला, घरी आजोबा. जूनमध्ये ते जुनं घर सोडून नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. आईचे उपाय करून झाले होते: वायफाय बंद, मोबाईल कपाटात, चांगले मार्क मिळाले तर गेम. दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा भांडण. ‘मॅडम, व्यसनच लागलंय हो त्याला,’ त्या म्हणाल्या. मुलगा शेजारीच मान खाली घालून बसला होता. मुलासमोर असं बोलू नये, त्याला स्वतःबद्दल तेच खरं वाटायला लागतं.

मग मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. विचारलं, ‘मोबाईल नसता तर सकाळी काय केलं असतंस?’ तो बराच वेळ स्वेटरची चेन वर-खाली करत राहिला. मग म्हणाला, ‘कुणाबरोबर?’

जुन्या घराखाली क्रिकेट खेळणारी पोरं होती. नव्या सोसायटीत तो कुणालाच ओळखत नव्हता, आणि जुने मित्र आता फक्त त्या गेममध्ये भेटायचे. म्हणजे आई मोबाईल कपाटात ठेवायची तेव्हा त्याचे मित्रही कपाटात जायचे. शाळा आणि क्लास करून घरी येईपर्यंत साडेसहा. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मैदानावर चेंडू दिसत नाही. सकाळ मोकळी होती, पण आजोबा म्हणायचे, ‘गारठ्यात नको रे, छातीत कफ होईल.’ मग या पोराने बाहेर पडायचं तरी कधी?

म्हणून मी पहिले काही दिवस मोबाईलबद्दल कुणी अवाक्षरही काढायचं नाही असं सांगितलं. बोलले आजोबांशी. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि बंद खोलीत सगळे दाटीने बसले की ती जास्त पसरते, हे त्यांना नीट समजावलं. त्यांच्या काळजीत तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. हिवाळ्यात पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते, दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होतो. पण ऊन वर आलं की हवा मोकळी होत जाते. आजोबा रोज सहाला फिरायला जायचे, त्यांना म्हटलं, ‘आठला निघा आणि नातवाला बरोबर घ्या.’ कानटोपी घालायची की नाही हे मात्र नातवाने ठरवायचं!

सकाळच्या उजेडाचं महत्त्व आईलाही सांगितलं. घरात ट्यूबलाइटखाली जेमतेम काहीशे लक्स (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो, बाहेर सावलीतसुद्धा हजारो. तो डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते. हा मुलगा बारापर्यंत जागायचा, त्यामागे हेही एक कारण होतं. उघड्यावर वेळ घालवणाऱ्या मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, उशिरा येते किंवा टळते. तैवानने तर 2010 पासून शाळकरी मुलांनी रोज 120 मिनिटं बाहेर राहावं म्हणून मोहीमच घेतली. एकदा लागलेला नंबर मात्र उन्हात फिरून उतरत नाही.

पहिल्या आठवड्यात तो कुरकुरतच गेला. मग गोल्फ क्लबच्या मैदानावर टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांना एक फिल्डर कमी पडला, आणि आजोबांनी याला पुढे ढकललं. सुट्टीच्या दिवशी वडील त्याला नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात घेऊन गेले. हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात. पुढच्या वेळी तो माझ्याकडे वही घेऊनच आला. वारकरी, थापट्या, चक्रवाक अशी पक्ष्यांची नावं आणि पुढे पेन्सिलीने काढलेल्या चोची. थापट्याची चोच चमच्यासारखी का, हे त्याने मला समजावून सांगितलं, आणि त्याची आई त्याच्याकडे बघतच राहिली.

गेम सुटलेला नाही. रात्री जेवणाआधी तासभर तो जुन्या मित्रांबरोबर खेळतो, आणि ते चालू द्या असं मीच सांगितलं आहे. शनिवारी अजून वाद होतात. जेवताना आई-वडिलांनीही फोन बाजूला ठेवायचा हे ठरलं होतं, ते वडिलांना सगळ्यात जड जातंय.

तुमच्या घरीही हेच चाललं असेल तर मोबाईल हिसकावण्याआधी एवढं बघा की बाहेर त्याची वाट बघणारं कुणी आहे का. नसेल तर आधी तुम्ही बरोबर जा. आणि सोबत मिळूनही मूल आवडत्या गोष्टींपासून दूर राहत असेल, नीट जेवत-झोपत नसेल, शाळा टाळत असेल, तर थंडी सरण्याची वाट न पाहता त्याला समुपदेशकाकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.