नवीन शाईपेन घेतलाय. आधी काय करावं, शाई कोणती भरावी?

शाई भरण्याआधी पेन धुवा. निब आणि फीडवर (निबखालचा, शाई निबपर्यंत नेणारा भाग) कारखान्यातला तेलकट अंश असतो, त्यामुळे नवा पेन अडखळतो. कपभर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून चार-पाच वेळा पाणी ओढा-सोडा, मग साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा. बोअरच्या पाण्यातले क्षार फीडच्या बारीक खाचांत साचतात. रात्रभर वाळवा.

शाई फक्त फाउंटन पेनचीच. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई अजिबात नको. तिच्यातली लाख वाळली की पेन गेलाच समजा. कॅमलिनची रॉयल ब्लू सुरुवातीला उत्तम, सहज धुतली जाते. पण म्हणूनच सात-बाराच्या अर्जासारख्या कागदांवर ती वापरू नका, पाणी लागलं की अक्षर पुसट होतं.

ड्रॉपरने भरायचा पेन असेल तर उन्हाळ्यात जपा. अर्ध्याहून कमी शाई राहिली की आतली हवा तापून फुगते आणि शाई बाहेर ढकलते. टाकी भरलेली ठेवा, आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, खिशात निब वरच. महिन्यातून एकदा धुवा.