ऑब्सिडियनमध्ये रोजनिशी आणि कामं: सुरुवात एवढ्यावरच करा

ऑब्सिडियन म्हणजे नोंदी ठेवायचं ॲप. त्यातल्या प्लगइनच्या (वरून जोडायच्या जादा सोयींच्या) मागे आत्ताच लागू नका. नवखे तिथेच अडकतात. आठवडा सजावटीत जातो आणि नोंद एकही होत नाही. 'डेली नोट्स' (दर दिवसाची, तारखेच्या नावाची नोट) तेवढं चालू करा, ते ॲपमध्येच असतं.

- प्रत्येक प्रोजेक्टची एकच नोट. कामं तिथेच, '- [ ]' लिहून (त्याचा टिक करायचा चौकोन होतो).
- रोजच्या नोटमध्ये फक्त काय झालं ते, दोन ओळींत. सोबत [[घराचं रंगकाम]] अशी लिंक द्या. मग ती नोट उघडलीत की बॅकलिंकमध्ये (तिच्याकडे येणाऱ्या लिंकच्या यादीत) त्या कामाच्या सगळ्या तारखा आपोआप दिसतात. खरी गंमत हीच!

एकच काम दोन्हीकडे उतरवू नका, एकीकडे टिक करायची हमखास राहते. फोल्डर दोन पुरे. टॅग, टेम्पलेट, डेटाव्ह्यू (नोट्समधून याद्या काढणारं प्लगइन) नंतर बघू. पंधरा दिवस लिहा, अडलं तर बिनधास्त विचारा.